नाकवालीची टोपली

मी टोपली बोलतेय. वेताची आहे, पोट मोठं, तोंड रुंद आणि अंगभर भोकं. भोकांना हसू नका, ती विणणाऱ्याने मुद्दाम ठेवलीत. मी अळंब्यांची टोपली. अळंब्याच्या छत्रीखालून पिठासारखी भुकटी झडते. ती वाटभर सांडत गेली की पुढच्या हंगामाची सोय होते, असं या डोंगरातली माणसं मानतात. प्लॅस्टिकच्या पिशवीतून कोणी अळंबी आणली, तर माझी मालकीण त्याच्याकडे अशी बघते की तो पिशवी पाठीमागे लपवतो.

मालकीण म्हणजे घरातली थोरली जाऊ. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. घरात ती, धाकटी जाऊ आणि धाकटीचा नवरा. मूलबाळ दोघींनाही नाही, त्यामुळे भांडायला आणि जीव लावायला दोघींना एकमेकीच. सकाळी मिठावरून अबोला, आणि दुपारी एकीच्या पायात काटा मोडला की दुसरीचा जीव वरखाली. आसपासचे सगळे थोरलीला 'नाकवाली' म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तिला ते आवडतं.

ओला हंगाम लागला की आमच्या जंगलाच्या पोटातून काय काय वर येतं, विचारू नका. जर्दाळूच्या वासाची पिवळी अळंबी, उलट्या कर्ण्यासारखी. कापल्यावर दूध गाळणारी. कुजक्या ओंडक्यावर उगवलेले लिबलिबीत कान, अगदी माणसाचे असावेत तसे. बोट लावताच धूर सोडणारे चेंडू असतात. म्हाताऱ्या झाडांच्या बुंध्याला फळीसारखी चिकटलेली तर इतकी टणक, की धाकटी एकदा त्यांच्यावर ओल्या चपला वाळत ठेवून विसरून आली. आणि एक निर्लज्ज प्रकार सडक्या मांसाचा वास सोडून माश्यांना आवतण देतो. थोरली त्याला 'नणंदबाई' म्हणते. का म्हणते, ते घरातलं आहे, मी बोलणार नाही.

पण सगळ्यांत फसवी ती कुरणाच्या कडेची पांढरी. त्यांच्यात दोन जाती, दिसायला सख्ख्या जुळ्या. चोळली की दोन्ही पिवळी पडतात. एकीला बडीशेपेसारखा वास, ती खायची. दुसरीला फिनेलचा; ती पोटात गेली की आतडी पिळवटून निघतात. बूड चिरलं तर वाईट जात आतून पिवळीजर्द दिसते. पण इथे अळंबं उपटत नाहीत. जमिनीलगत कापायचं आणि बूड मातीत ठेवायचं, हा थोरलीनेच घालून दिलेला नियम. मग ओळखायला राहतं फक्त नाक. म्हणून कोणीही पांढरी अळंबी आणली की चुलीवर चढवण्याआधी आमच्या पायरीवर यायचं. थोरली हुंगणार, 'हो' किंवा 'फेक' म्हणणार, आणि तो शब्द शेवटचा.

गेल्या थंडीत थोरली तापाने अंथरुणाला खिळली. उठली तेव्हा कपडे अंगावर लोंबत होते. जेवताना म्हणाली, "भाजीला काही चवच नाही गं." धाकटीने एवढं राबून रांधलेलं. तिला ते लागलं. तिने गाल फुगवले आणि पुढे विचारायचं राहूनच गेलं.

पुढे हंगामाच्या तोंडावर धाकटीच्या नवऱ्याने एक उद्योग केला. ढिल्या बुचाची रॉकेलची बाटली माझ्यात ठेवून दिली. बाटली पाझरली आणि मी नखशिखांत भिजले. बाटली गेली, वास राहिला. माझी मलाच किळस येत होती.

हंगाम सुरू झाला. थोरलीने मला खुंटीवरून काढलं आणि नेहमीसारखं तोंड आत खुपसून दीर्घ श्वास घेतला. आता ही ठसकणार, दिराच्या नावाने शंख करणार, म्हणून मी अंग चोरून बसले. ती ठसकली नाही. पुन्हा श्वास घेतला. मग तळाशी पडलेला तेलकट डाग तिने बोटाने चोळला, बोट नाकाशी नेलं, आणि तशीच बसून राहिली. तिला कसलाच वास येत नव्हता.

"कोणाला सांगू नकोस," ती मला म्हणाली.

मी कोणाला सांगणार? मला तोंड आहे, पण जीभ कुठाय? आणि तिची भीती मला कळत होती. नाकच गेलं तर नाकवालीकडे कोण येणार? पायरी सुनी पडली तर दिवसभर करायचं काय?

तेवढ्यात खालच्या गल्लीतला बेकरीवाला आलाच. घमेल्यात पांढरी अळंबी. "बायकोला नववा लागलाय. सकाळपासून अळंब्यांचाच धोशा लावलाय. जरा बघता का?"

"कुठली आणलीस?"

"वरच्या कुरणातली. दरवर्षीची जागा."

थोरलीने एक उचललं, चोळलं, नाकाशी धरलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ धरलं. "हो," ती म्हणाली. "ने."

तो गेला. बऱ्याच वेळाने धाकटी भाजी आणायला म्हणून मला उचलायला आली आणि तिने नाकाला पदर लावला. "अगं बाई, रॉकेल. ताई, सकाळी तुम्ही हिला हुंगलंत ना? मग बोलला नाहीत ते?"

थोरलीने तोंड फिरवलं. धाकटी तिच्याकडे बघत राहिली. भाजीला चव नव्हती ते आठवलं असावं, कारण तिचा चेहरा पांढराफटक पडला. "आणि मघाशी बेकरीवाला कशाला आला होता?"

उत्तराची वाट न बघता ती मला काखेत मारून उतारावरून पळत सुटली. मागून थोरली, धापा टाकत.

बेकरीच्या मागच्या खोलीत तवा चुलीवर होता. दारातच फिनेलचा भपकारा आला. बेकरीवाल्याची बायको टेबलाशी बसली होती, एका हातात चमचा, दुसऱ्याने नाक दाबलेलं.

"या ना," ती ओशाळून हसली. "मला मघापासून फिनेलचा वास येतोय. पण म्हटलं, नाकवालींनी हो म्हटलंय, म्हणजे माझंच नाक फिरलं असणार. दिवसच असे आहेत. आता खाणारच होते."

धाकटीने तिच्या हातून चमचा काढून घेतला. जावेची लाज राखायला ती काहीतरी थाप मारणार होती, मला दिसत होतं. पण थोरली दारात येऊन पोचली होती.

"तुझं नाक बरोबर आहे, पोरी," ती म्हणाली. "माझं गेलंय."

"पण तुम्ही हुंगलंत," बेकरीवाला म्हणाला. "माझ्यासमोर."

"हुंगलं. काहीच आलं नाही. तरी हो म्हटलं."

बेकरीवाल्याने तवा उचलला आणि मागच्या खड्ड्यात रिकामा केला. घरी परतताना धाकटीने थोरलीचा हात धरला होता. दोघीही रडत होत्या, आणि मी मध्ये लटकत होते.

त्यानंतर पायरीवर कोणी फिरकलं नाही. थोरली तरी रोज जाऊन बसायची. तिचं ते बसणं मला बघवत नव्हतं. मग एका सकाळी बेकरीवाल्याची बायकोच आली, पोट सावरत, हातात घमेलं. "मी हुंगते," ती म्हणाली. "कसं ओळखायचं ते तुम्ही सांगा."

"का, मी मेले का?" धाकटी आतून आली आणि घमेल्याशी फतकल मारून बसली.

आता असंच चालतं. धाकटी हुंगते, थोरली विचारते. पहिल्या दिवशी धाकटी म्हणाली, "छान आहे वास." थोरली भडकली. "छान म्हणजे काय? छान काय, उशीसुद्धा असते. नीट सांग." मग धाकटी शिकली. ओलं पीठ, खवट तेल, पेटीतले कपडे, पावसात भिजलेलं कुत्रं. जरा शंका आली की सगळं खड्ड्यात. शिवाय आता पांढऱ्यांचं एक अळंबं बुडासकट आणायचं, हा नवा नियम. तोही थोरलीनेच केला.

मी म्हातारी झालेय. काठ उसवलाय, कडी सुतळीने बांधलीय. निरोप घेण्याआधी एकच मागते. तुमच्याही घरात कोणाचं नाक, कोणाचे कान, कोणाची नजर गुपचूप निघून गेली असेल. त्यांनी काही विचारलं तर 'छान' म्हणून उठू नका. बसून सांगा.

परवा बेकरीवाल्याची बायको बाळाला घेऊन आली. मुलगी झालीय. तिने ती थोरलीच्या मांडीवर ठेवली. थोरली वाकली, बाळाच्या टाळूला नाक लावून बराच वेळ तशीच राहिली. वर बघितलं तेव्हा डोळे भरले होते.

"धाकटे," ती म्हणाली, "सांग."

धाकटीने बाळाची टाळू हुंगली. "दूध आहे, ताई. कोमट. त्याच्या खाली ताज्या पावाचा, आतल्या मऊ भागाचा."

"अजून?"

"आहे ना, थांबा," म्हणत धाकटी पुन्हा वाकली.