फकिराचा बिल्ला

हर्नियाच्या दुखण्यापेक्षा चैतरामला भुलीची धास्ती जास्त होती.

उकव्याकडच्या एका खाणीत त्याची उमर गेली होती. तिथला रिवाज साधा होता. खाली उतरताना आपला पितळी बिल्ला वरच्या माणसापाशी द्यायचा, वर आलं की परत घ्यायचा. ज्याचा बिल्ला वर उरला, तो अजून खालीच. त्याच्या सोबत्याचा, फकिराचा, तसा उरला होता. छत कोसळलं, फकिरा सापडला नाही, आणि खिळ्यावरचा तो बिल्ला काढायला कोणाचा हात धजेना. तेव्हापासून डोळा लागला की चैतरामला अंधारातून हाक यायची, "चैत्या, ये ना बे!" झोपेतून तो दचकून उठायचा तरी. भुलीतून कसा उठणार?

बालाघाटच्या दवाखान्यात नर्सनं त्याच्या मुठीतला त्याचा जुना बिल्ला पाहिला. "बाबा, आत काही नेता येत नाही. बिल्ला बाईंकडे द्या."

"तिच्यापाशी नाही. ते दाराबाहेर बसन."

"ऐका!" बायको जिजाबाई फणकारली. "जलमभर घराची किल्ली मायापाशी, अन् बिल्ला देत नाही!"

भूल देणारी डॉक्टर देवश्री त्याच्याजवळ बसली. "कशाची भीती वाटते, बाबा?"

"तुमी सुई टोचून निघून जासान. मंग वर कोण राहीन?"

"कोण म्हणतं जाईन? डॉक्टर कापतील, शिवतील. माझं काम तुमच्या उशाशी. तुम्ही डोळे उघडेपर्यंत तुमच्या श्वासावर माझी नजर."

"सच्ची?"

"हौ, बाबा."

चैतरामनं बिल्ला तिच्या हातात ठेवला.

मग अंधार आला. ओल्या दगडाचा वास. फकिरा भिंतीला टेकून बसला होता, अंगभर काळी धूळ, तसाच तरणा.

"आला का बे? बिल्ला कोणापाशी देल्ला?"

"डॉक्टरीणबाईपाशी."

"बसली हाय का वर?"

"हौ."

"मंग जाय. वाट पाह्यत असन."

चैतराम वळला. मागून हलक्या आवाजात आलं, "अन् मायावाला बिल्ला?"

"बाबा, डोळे उघडा. झालं सगळं." देवश्रीनं बिल्ला त्याच्या तळहातावर ठेवला.

जिजाबाई आत आली. "आले का वर?"

चैतरामनं बिल्ल्यावर मूठ मिटली.

"जिजे, बरा झालो का खाणीवर जाऊ. फकिराचा बिल्ला टांगून ठेवला सगळ्यायनं, पण त्याच्यापाशी बसलं कोणीच नाही."