शंखापूरच्या धक्क्यावर

अजिंक्यचं काम चुका शोधण्याचं होतं. पुण्यातली एक कंपनी 'खारा वारा' नावाचा व्हिडिओ गेम तयार करत होती. तो बाजारात येण्याआधी खेळून, उलटासुलटा करून, कुठे काय बिघडलंय ते कळवायला कंपनीने जी माणसं नेमली होती त्यांत रत्नागिरीचा अजिंक्य एक. मिरकरवाडा बंदराच्या वरच्या अंगाला त्याचं घर. माडीवरच्या खोलीत हेडफोन लावून तो बसायचा आणि शंखापूर नावाच्या गावात हिंडायचा.

शंखापूर हे गेममधलं बंदर. डिझेलची चोरटी वाहतूक करणाऱ्या टोळीच्या मागावर नायक तिथे येतो. पण खेळणाऱ्याने कथेमागेच धावलं पाहिजे असं नाही. वाटलं तर जीप पळवावी, वाटलं तर डोंगर चढावा, वाटलं तर भर बाजारात बंदूक काढावी. सगळं गाव मोकळं. आणि गाव मोकळं म्हटल्यावर चुकाही कुठेही निघतात. भिंतीतून माणूस आरपार जातो, होडी हवेत तरंगते, मेलेला गुंड उठून पुन्हा तोच संवाद बोलतो.

सापडलेली चूक कळवताना तिची तीव्रता लिहावी लागे. गंभीर, मध्यम की किरकोळ. बाकीचे परीक्षक आपलं काम उठून दिसावं म्हणून नायकाची चप्पल वाळूत रुतली तरी 'गंभीर' लिहून मोकळे होत. अजिंक्य तसं करत नसे. गेम बंद पडला, जपून ठेवलेला खेळ पुसला गेला, पुढे जायची वाटच खुंटली, तरच गंभीर. हा स्वभाव त्याने आईकडून उचलला होता. त्याची आई मालन मिरकरवाड्यात मासे विकायची आणि कालची मासळी 'कालची हाय' असं सांगूनच विकायची.

"तुझं 'गंभीर' आलं की आम्ही हातातला चहा टाकून उठतो," असं पुण्याची दर्शना म्हणायची. दर्शना त्याच्या गटाची प्रमुख.

शंखापूरच्या धक्क्यावर एक मासेवाली बसते. नायक दमला, जखमी झाला की तिच्याकडून मासे घ्यायचे, म्हणजे ताकद भरून येते. या मासेवालीसाठी दर्शनाला खराखुरा बंदरावरचा आवाज हवा होता. तुझ्याकडे कुणी आहे का, असं तिने विचारलं तेव्हा अजिंक्य म्हणाला होता, "आई आहे. पण लिहून दिलेलं ती बोलेल असं वाटत नाही."

ती बोललीच नाही. मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून अजिंक्यने माडीच्या खिडक्या बंद करून भिंतींवर गोधड्या टांगल्या. पुण्याची माणसं फोनवर ऐकत होती.

"हे काय रे? मला बाळंतिणीसारखी कोंडलीस काय?" मालन आत येता येता म्हणाली.

"आये, बस. समोर गिऱ्हाईक उभं आहे असं समज आणि बोल."

"गिऱ्हाईक खंय हाय? हा तर दांडा हाय."

"त्या माइकलाच गिऱ्हाईक समज."

"बरा हाय मग. भाव तरी नाय पाडणार."

पुण्याला हशा उठला आणि मालनला चेव आला. लिहून आलेला कागद तिने बुडाखाली घातला आणि रोजच्यासारखी सुरू झाली. "भवानी नाय झाली अजून, नुसता हात लावून जाव नको." "बांगड्याचे डोळे बघ, तुझ्यापेक्षा साफ हायत." कुणी बंदूक रोखली तर काय म्हणशील, असं दर्शनाने विचारल्यावर ती म्हणाली, "काय म्हणणार? ठेव ती खाली मेल्या, पाटी सांडशील माझी!" सगळं घेतलं गेलं.

"झालं आये, ऊठ," अजिंक्य म्हणाला.

मालन कुठूनही निरोप घेतल्याशिवाय उठत नसे. एसटीतून उतरताना कंडक्टरचा, पोस्टाच्या खिडकीवरून निघताना आतल्या कारकुनाचा ती निरोप घ्यायची. आणि 'जाते' हा शब्द तिच्या तोंडून कधी कुणी ऐकला नव्हता. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, माइककडे वाकली आणि न दिसणाऱ्या पुणेकरांना म्हणाली, "येत्ये हां बाबांनो. जेवा वेळेवर." मग खाली जाऊन तिने भाताला आधण ठेवलं. आवाज टिपणारं यंत्र अजून चालू आहे हे अजिंक्यच्या ध्यानात आलं नाही.

आश्विनात तिला ताप भरला. साधा ताप म्हणून दोन दिवस अंगावर काढला, तो लेप्टो निघाला. रिक्षात घातली तेव्हा तिला शुद्ध नव्हती. दारात शेजारीपाजारी उभे होते, पण ती कुणाशी काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात तिचे दिवस घालायची तयारी सुरू झाली.

कार्य आटोपल्यावर अजिंक्य पुन्हा माडीवर जाऊन बसला. काम होतं तसंच होतं. गेमची नवी आवृत्ती आली की धक्क्यावर जाऊन गोळ्या झाडून बघायच्या, हेही त्या कामातच येई. मालन हयात असताना एकदा त्याच्या पाठीशी उभी राहून तिने हे पाहिलं होतं. "सगळ्यांदेखत आयेवर गोळी झाडतोस? आणि वर पगार घेतोस?" म्हणून हसता हसता तिला ठसका लागला होता. आता तो ते एकटा करायचा. मासेवालीला गोळी लागत नसे. पुढच्या कथेत तिची गरज असल्यामुळे कंपनीने तिला तशीच बनवली होती. ती पाटीमागे वाकायची, मेल्या म्हणायची, पुन्हा सरळ बसायची. अजिंक्य 'ठीक' अशी नोंद करायचा आणि पुढे जायचा.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी असंच काम चालू होतं. नायकाने मासे घेतले, पाठ फिरवली आणि मागून आवाज आला, "येत्ये हां बाबांनो. जेवा वेळेवर."

अजिंक्यने हेडफोन काढून ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा लावला. नायकाला परत फिरवून पाटीपाशी नेलं, पाठ फिरवली. तेच वाक्य. पुण्यात कुणाला तरी ते जुन्या ध्वनिमुद्रणात सापडलं असणार आणि निरोपाचं वाक्य म्हणून त्याने ते बसवून टाकलं असणार. दुसऱ्या एका परीक्षकाने त्याच्या नोंदीखाली 'गोड आहे' असा शेराही मारला होता.

अक्षया शाळेतून आली तेव्हा तो तसाच बसलेला होता. ती त्याची बायको, पाचवीच्या वर्गाला शिकवायची. त्याने हेडफोन तिच्या कानाला लावला. ऐकून ती खालीच बसली.

"आई," ती म्हणाली.

"चूक आहे ही," अजिंक्य म्हणाला.

"कसली?"

"निघतंय गिऱ्हाईक. ती बसूनच आहे. बसलेलं माणूस कशाला येत्ये म्हणेल? ती 'ये परत' म्हणाली असती."

"अरे, कुणाला कळणार आहे?"

"मला कळलं."

"मग गप्प बस."

"त्यासाठी नाही नेमलेलं मला. इकडचं बोलणं, इकडची रीत बघायला नेमलंय."

"आणि कळवल्यावर काय होईल? नवी बाई बसवतील तिथे. तिचा आवाज काढून टाकतील, अजिंक्य. फोनमध्ये तिचे चार शब्द तरी आहेत का आपल्याकडे? 'पेट्रोल भर' नि 'नारळ आण', बस."

त्याने आठवडाभर कळवलं नाही. रोज सकाळी तो धक्क्यावर जायचा, मासे घ्यायचा, पाठ फिरवायचा. आठव्या दिवशी त्याने चूक लिहिली. मात्र पाठवण्याआधी दर्शनाला फोन लावला.

"बरोबर आहे तुझं," सगळं ऐकून दर्शना म्हणाली. "आमच्या कुणाच्या लक्षात नाही आलं. वाक्य बदलायला हवं. पण आता आईंकडून... सॉरी. आणि एकच वाक्य दुसऱ्या बाईचं घेतलं तर ते वेगळं वाजेल. सगळीच नव्याने घ्यावी लागतील."

"वाक्य नका बदलू. बाईला उठवा."

"म्हणजे?"

"मासळी संपल्यावर कुणी धक्क्यावर बसून राहत नाही. ऊन उतरलं की तिला पाटी उचलू दे, घरी जाऊ दे. तेव्हा म्हणू दे. मग ते वाक्य चुकीचं राहत नाही."

"तपासावं तुलाच लागेल, अजिंक्यदादा. बघशील?"

"बघीन की. काम आहे." फोन ठेवून त्याने नोंदीत तसं लिहिलं आणि ती पाठवून दिली.

नवी आवृत्ती मार्चच्या शेवटी आली. अजिंक्यने नायकाला दुपारीच धक्क्यावर नेऊन उभं केलं. शंखापुरात ऊन उतरलं, पाणी तांबूस झालं. मासेवाली उठली. पाटीतलं पाणी तिने ओतून दिलं, डोक्यावर चुंबळ ठेवली, त्यावर पाटी. "येत्ये हां बाबांनो. जेवा वेळेवर," असं म्हणून ती चालू लागली. चाल मालनची नव्हती. मालन उजव्या पायावर किंचित झुकून चालायची. ही कुणाही बाईसारखी सरळ चालत होती. तरी अजिंक्य तिच्या मागोमाग गेला. बर्फाच्या गाडीजवळून, जाळी विणणाऱ्यांच्या घोळक्यातून ती चढणीला लागली आणि वळणावर विरघळून गेली. तिला घर कुणी बांधलेलंच नव्हतं. अशी पात्रं नजरेआड झाली की पुसली जातात, हे अजिंक्यला या धंद्यात पडल्यापासून ठाऊक होतं. वळणावर नायक एकटाच उभा राहिला.

त्याने नायकाला झोपवलं. शंखापुरात सकाळ झाली. लिलाव सुरू झाला, कावळे जमले, ट्रॉलर लागले. पाटीची जागा मोकळी होती.

त्याने वाट पाहिली. मग दुसरी सकाळ, तिसरी सकाळ. गेम बंद करून पहिल्यापासून सुरू केला. पहिल्या दिवशी ती होती, संध्याकाळी गेली, ती गेलीच. तेव्हा त्याने आपण पाठवलेली नोंद उघडून वाचली. तिने उठावं, हे तीत होतं. पाटी उचलावी, निरोप घ्यावा, चढणीने निघून जावं, तेही होतं. सकाळी तिने परत यावं, हे कुठेच नव्हतं. ते लिहावं लागेल असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. येत्ये म्हणून गेलेलं माणूस येणारच. हे त्याच्या घरात कधी कुणाला समजावून सांगावं लागलं नव्हतं. पुण्याच्या माणसांनी मात्र जेवढं लिहिलं होतं तेवढं केलं होतं.

त्याच दिवशी दर्शनाचा सगळ्यांना निरोप आला. संध्याकाळी गेम पक्का करायचा आहे. आता फक्त गंभीर चुका हातात घेऊ. बाकीच्या चुकांचं प्रकाशनानंतर, जमलं तर.

अक्षया कपबशी घेऊन वर आली. पडद्यावरची मोकळी जागा तिला त्याने न सांगता कळली.

"लिही गंभीर," ती म्हणाली.

त्याने नकारार्थी मान हलवली.

"लिही ना. चहा टाकून उठतील म्हणतात ना? उठू देत."

"गेम बंद पडत नाही, अक्षया. कुणाची वाट अडत नाही. कथेतलं तिचं काम पहिल्याच दिवशी होऊन जातं. ताकद हवी तर शेजारी वड्याची गाडी आहे."

"वड्याची गाडी!" अक्षयाने कपबशी टेबलावर आपटली. "इतकी वर्षं खरं खरं लिहिलंस, आता एकदा नाही लिहिलंस तर काय आभाळ कोसळणार आहे का? कोण विचारतंय तुला?"

"कुणीच नाही विचारणार."

"मग?"

"आज शेवटच्या दिवशी त्यांच्याकडे खऱ्याच गंभीर चुका पडल्या असतील. कुणाचा तरी अख्खा खेळ पुसला जात असेल. ते सोडून ते माझं घेतील. माझं आहे म्हणूनच घेतील." तो थांबला. "मग ती रोज सकाळी तिथे बसेल. आणि ती कशाच्या जोरावर बसलीय, ते मला रोज दिसेल."

अक्षयाने पदराने डोळे टिपले. रागावली होती की रडत होती, सांगणं कठीण होतं. "तुम्ही मायलेक दोघंही एका मातीचे," एवढं बोलून ती जिना उतरली. अर्ध्यावर थांबून म्हणाली, "चहा निवतोय."

खाली मिरकरवाड्यात दुपारचा लिलाव संपत आला होता आणि बायका पाट्या धूत होत्या. अजिंक्यने खिडकी लोटून घेतली. पडद्यावर नायक मोकळ्या जागेसमोर तसाच उभा होता, हातात बंदूक घेऊन. अजिंक्यने बटण दाबून बंदूक त्याच्या पाठीला अडकवून ठेवली. मग नोंदीचं पान उघडून लिहायला घेतलं.

ठिकाण : शंखापूर, धक्का.

काय होतं : मासेवाली संध्याकाळी निरोप घेऊन जाते. दुसऱ्या सकाळी परत येत नाही.

काय व्हायला हवं : परत यायला हवी.

पुन्हा घडतं का : दर वेळी.

तीव्रतेच्या रकान्यापाशी त्याचा हात बराच वेळ थांबला. चहावर साय धरली. मग त्याने 'किरकोळ' निवडलं आणि नोंद पाठवून दिली.