चिमणाबाईंच्या अंगातला दोष

कबनूरच्या मौलाभाईंच्या कारखान्यात त्या दुपारी माग चालू होते, पण मागांजवळ कुणी नव्हतं. सगळे सूत गुंडाळायच्या कांडी मशीनभोवती जमले होते. औद्योगिक ऊर्जा सल्लागार ऋतुराज सर दोष शोधत होते.

आठवडाभर त्या मशीनला हात लावला की चिमणाबाईंना झटका बसत होता. कांड्या भरायला तिथं त्या एकट्याच बसत. सरांनी सगळ्यांच्या चपला बाहेर काढायला लावल्या, कारण जागा शुद्ध हवी. स्वतःचे जाड बूट मात्र पायात ठेवले, कारण ते ‘साधनेचे’ होते. मग डोळे मिटून त्यांनी मशीनवर हात ठेवला. काही झालं नाही.

“आता बाईंनी लावावा.”

चिमणाबाईंनी बोट टेकवलं आणि विंचू चावल्यासारखा हात मागं घेतला.

“व्हय की,” गर्दीतून आवाज आला. “बाईतच हाय.”

“यंत्र निर्दोष आहे,” सर म्हणाले. “यांच्या देहातून ऋण ऊर्जा उतरतेय. यांना कामावरून काढा आणि चार कोपऱ्यांत तांब्याच्या पट्ट्या पुरा.” पट्ट्या सरांच्याच दुकानात मिळत.

तहरीम नेमकी तेव्हा दारात पोचली. मौलाभाईंची ही मुलगी कोल्हापुरात विजेची कामं तपासून सल्ला द्यायची. तिला अब्बांनी काही विचारलं नव्हतं. ते तिला लागलं होतं, पण बोलायची ही वेळ नव्हती. फरशी ओली होती आणि चिमणाबाई अनवाणी होत्या.

“मावशी, लांब व्हा.” तिनं पर्समधला टेस्टर मशीनच्या लोखंडाला टेकवला. टेस्टरमधला दिवा लागला.

“दोष यंत्रात उतरलाय,” सर म्हणाले.

“सर, बूट काढून हात लावाल?”

सरांनी थोडा विचार केला. “मला सर्दी आहे.”

ज्ञानू मागवाल्याला हसू आलं. तहरीम हसली नाही. तिनं जाऊन मेन स्विच खाली ओढला. माग थांबले आणि कारखान्यात कधी नसते ती शांतता पसरली. सरांनी तिला कोपऱ्यात गाठलं.

“मॅडम, आपण एकाच व्यवसायातले,” ते हळूच म्हणाले. “अर्थिंगची तार तुटलीय, मला आल्याबरोबर दिसलं. तुम्ही जोडून टाका, मी शुद्धी झाली म्हणतो. दोघांचं नाव होईल.”

“तुम्हाला माहीत होतं?” तिचा आवाज चढला. “आणि तरी आत्ता त्यांना हात लावायला सांगितलंत? अनवाणी?”

माग बंद होते. दोघांचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं. सर पट्ट्यांची पिशवी उचलून निघाले, तेव्हा वाट द्यायला कुणी सरकलं नाही. त्यांना भिंतीला घासून जावं लागलं.

तहरीमनं सगळ्यांना मशीनमागं नेऊन दाखवलं. मोटारीच्या वायरीचं आवरण झिजून वीज लोखंडात उतरत होती. ती वीज जमिनीत नेणारी अर्थिंगची तार गंजून तुटली होती. मग वीज ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या माणसातून जायची. रबरी तळव्यांनी ती अडायची. सरांची साधना ती एवढीच.

मौलाभाई चिमणाबाईंपुढं आले. “चुकलं माजं. उद्यापास्नं या.”

“आधी तार जोडा,” चिमणाबाई म्हणाल्या. “मग येते.”

तार संध्याकाळपर्यंत जोडली, वायर बदलली. काम संपल्यावर मौलाभाई मुलीशेजारी बाकड्यावर टेकले.

“शिकल्याला दिसत हुता गं. वळखायचं कसं?”

“विचारायचं, अब्बा. कशावरून म्हणता? माझ्यासमोर मोजून दाखवाल का? जी वस्तू घ्या म्हणता, ती विकतं कोण? खरा सल्लागार उत्तर देतो. जमत नसेल तर जमत नाही म्हणतो. जो नुसता विश्वास ठेवा म्हणतो, त्याला चहा पाजून वाटेला लावायचं.”

“आनि तुला बी असंच विचारायचं?”

“मला आधी विचारा,” तहरीम म्हणाली.