शिंपीमास्तरांच्या जबड्याचं माप

शिंपीमास्तरांचे उरलेसुरले चार दात गेले तेव्हा घरात कुणी फारसं दुःख केलं नाही. ते चारही एकमेकांशी अबोला धरलेल्या भाडेकरूंसारखे होते. दोन वरच्या मजल्यावर, दोन खाली, आणि समोरासमोर एकही नाही. "इतके दिवस चावत तरी कशाने होता हो?" मास्तरांच्या बायकोने विचारलं. मास्तरांनी त्यावर काहीतरी तिखट उत्तर दिलं, पण ते कुणाला कळलंच नाही, त्यामुळे वाद झाला नाही. लग्न झाल्यापासून प्रथमच शेवटचा शब्द तिच्याकडे राहिला. ही व्यवस्था अशीच कायम राहिली असती तरी तिची काही हरकत नव्हती.

हरकत होती ती दुकानाची.

त्यासाठी मास्तर माप कसं घेत ते आधी सांगायला हवं. टेप घेऊन कुणी समोर आलं की माणूस माणूस राहत नाही, स्वतःचा फोटो होतो. पोट आत, छाती बाहेर, खांदे मागे, श्वास बंद. आरशातल्या त्या रुबाबदार गृहस्थाच्या मापाने कोट शिवावा, तर तो घरी नेऊन घालतो भलताच कुणीतरी. पोट आपल्या जागेवर परत येतं आणि बटण आपली जागा सोडतं. म्हणून मास्तर माप कधी मागत नसत, काढून घेत. टेप गळ्यात तसाच लटकत ठेवायचा आणि सहज विचारायचं, "तुमच्या त्या मेहुण्याचं काय झालं हो शेवटी?" पुढचं काम मेहुणा करायचा. गिऱ्हाईक तावातावाने बोलू लागे, खांदे खाली येत, पोट मोकळं होई, आणि तेवढ्यात टेप कमरेभोवती फिरून पुन्हा गळ्यात आलेला असे. ज्याला मेहुणा नाही त्याच्यासाठी मास्तरांनी घरमालक राखून ठेवला होता.

दात गेले आणि हा सगळा कारभार बसला. मास्तरांचे प्रश्न तोंडातून ओले होऊन बाहेर पडू लागले. गिऱ्हाईक "काय म्हणालात?" म्हणून कान पुढे करी आणि उलट आणखी ताठ होई. जे भिडस्त होते ते काही न विचारता दयेने हसत आणि पोट आणखी आत घेत. मग कोट परत यायला लागले. वकीलसाहेबांचा तर दोनदा आला.

"उभा असलो की बाजू मांडता येते, मास्तर," वकीलसाहेब म्हणाले. "बसलो की न्यायाधीशांचं लक्ष पुराव्याकडे राहत नाही. बटण कधी सुटतं याचीच सगळं कोर्ट वाट बघतं."

मास्तरांचा मुलगा बस चालवायचा. त्याला सुई आणि दाभण यातला फरक सांगून कळला नसता. दुकानात मशीनवर बसायची ती सून. हाताने चोख, तोंडाने कमी.

"बाबा, मापं मी घेते," ती एकदा म्हणाली.

"तुला बोलायला येत नाही," मास्तरांनी सुनावलं. हे तिला कळावं म्हणून त्यांना दोनदा सुनावावं लागलं.

"आणि तुम्हाला येतंय," सून म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली.

वकीलसाहेबांचा कोट दुसऱ्यांदा उसवताना मात्र तिने हातातलं काम खाली ठेवलं. "बाबा, एक तर दात बसवून घ्या, नाहीतर पाटी उतरवू या. आपण कोट शिवतो की उसवतो, तेच लोकांना कळेनासं झालंय."

पाटीवर मास्तरांच्या वडिलांचं नाव होतं. मास्तर दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना सायकलच्या दुकानावर होता. बाहेर बाक, आत खुर्ची, आणि खुर्चीच्या मागे भिंतीला लागून एक लांब टेबल. त्यावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, सभा कंटाळून सगळ्यांनी एकदम जांभई द्यावी तसे. बाई ठेंगण्या, स्थूल, आणि बोलण्याच्या बाबतीत मास्तरांच्या सुनेची थोरली बहीण शोभतील अशा. कवळीचं सगळं काम त्या स्वतःच करत. ठसाही त्यांचाच, दात मांडणंही त्यांचंच. हे कळल्यावर मास्तर खुर्चीत जरा सैल बसले. कापणारा एक, शिवणारा दुसरा, काजं करणारा तिसरा, असा कोट अनाथ असतो, असं त्यांचं मत होतं.

मग बाईंनी अंगठा त्यांच्या हिरडीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवला. मास्तर तो अंगठा ओळखत होते. कापड कुठे विरलंय, कुठे ओढ बसली तर फाटेल, हे बघायला ते स्वतः असाच फिरवत. बाई मध्येच एका जागी थांबल्या, "इथे दुखतं" एवढंच म्हणाल्या, आणि खरंच तिथेच दुखत होतं. मास्तरांनी तोवर कुणाच्या हाताची तारीफ केलेली नव्हती. सख्ख्या वडिलांच्या शिलाईबद्दलही "चालायचं" एवढंच म्हणायचे. त्या दिवशी घरी येऊन ते म्हणाले, "बाईंचा हात बरा आहे." बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

ठसे झाले. मग आली खरी घटका. बाईंनी वर आणि खाली मेणाचे दोन कठडे बसवले. दोन्ही जबडे एकमेकांना जिथे भेटतात ती जागा त्या मेणावर धरायची असते, आणि दात त्या हिशेबाने मांडायचे असतात.

"आता नेहमीसारखं मिटा," बाई म्हणाल्या.

आता ज्यांची सगळी हयात लोकांची पोटं सैल करण्यात गेली, त्या मास्तरांनी काय करावं? ते खुर्चीत ताठ झाले, श्वास धरला आणि जबडा पुढे काढून असा काही मिटला की जणू सैन्यात भरती चालू आहे. चांगल्या गिऱ्हाइकाने असंच सहकार्य करायचं असतं, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटलं. शिवाय त्यांच्या लग्नाच्या फोटोत त्यांचा जबडा असाच होता. दुसऱ्याचं आत घेतलेलं पोट आपल्याला दहा पावलांवरून दिसतं. आपला पुढे काढलेला जबडा आपल्या नाकाखाली असूनही दिसत नाही.

"नेहमीसारखं," बाई पुन्हा म्हणाल्या.

मास्तरांनी जबडा आणखी पुढे काढला.

"झोपेत मिटतो तसं."

मास्तरांनी डोळे मिटले. जबडा होता तिथेच.

पुढच्या खेपेला मेणात दात मांडून तयार होते. ही म्हणजे सरळसरळ कच्च्या शिलाईची ट्रायल. मास्तर खूश झाले. आरशात पाहिलं, जबडा फोटोतल्यासारखा मिटला, दातावर दात चपखल बसला.

"एकदम बरोबर," मास्तर म्हणाले.

"हो. आरशात बरोबर आहे," बाई म्हणाल्या आणि आरसा काढून घेतला. मग त्यांनी गिळायला सांगितलं, जीभ मागे टाळूला लावायला सांगितली, घरचे सगळे बरे आहेत का ते विचारलं. मास्तरांनी गिळलं, जीभ लावली, सगळे बरे असल्याचं कळवलं, आणि प्रत्येक वेळी जबडा हुकूम झाल्यासारखा पुढे येऊन उभा राहिला.

बाईंनी दात काढून पाण्यात ठेवले. "पुढच्या आठवड्यात या."

"काय कमी आहे?"

"तुमच्याकडून काही नाही. माझंच थोडं काम राहिलंय."

मास्तर जिना उतरताना अस्वस्थ होते. हे वाक्य त्यांच्या चांगलं ओळखीचं होतं. चूक संपूर्ण गिऱ्हाइकाची असते तेव्हा ते स्वतः गिऱ्हाइकाला हेच सांगत.

पुढच्या आठवड्यात ते खुर्चीत बसले, तोंडात पुन्हा ते मेणाचे कठडे आले, आणि त्यांची नजर बाईंच्या पांढऱ्या कोटावर गेली. वरचं बटण दुसऱ्या काजात गेलं होतं. त्यामुळे पुढचं सगळंच एकेक घर सरकून, कोटाची एक बाजू गुडघ्याशी आणि दुसरी वर, गळ्याशी कापडाचा फुगा. मास्तरांनी नजर छताकडे वळवली. छत स्वच्छ होतं, पण त्यात मन रमेना.

"बाई, तुमचं बटण."

"हं?" बाई दिव्यावर मेण मऊ करत होत्या.

"चुकलंय."

"असू दे."

"असू दे कसं?" मास्तर म्हणाले. तोंडात मेण होतं, पण विषयच असा होता की शब्द वाट काढून बाहेर आले. "एक चुकलं की खालची सगळी चुकतात. कोट शिवला कुणी हा?"

"तयार घेतला."

तयार. मास्तरांनी खुर्चीचे हात सोडले. "तरीच. अहो, बगलेतला हा झोळ बघा. हात वर केला की अख्खा कोट वर येतो की नाही? येणारच. बाही बसवताना खांद्याकडे कुणी बघितलंच नाही. माणसाचे दोन खांदे कधी सारखे नसतात, बाई. तुमचा उजवा खाली आहे. सारख्या खांद्यांचा माणूस फक्त हँगरवर असतो."

"मग खांदा पडायला कुठे हवा?" बाईंनी जवळ येत विचारलं.

"इथे. हाडाच्या टोकाला. एक बोट आत आला की गळा ओढतो, बाहेर गेला की बाही लोंबते. आणि तुम्ही दिवसभर वाकून काम करता, म्हणजे पाठीत..." मास्तर आवंढा गिळायला थांबले. त्यांच्या हनुवटीवर दोन बोटं केव्हा आली ते त्यांना कळलंच नाही.

"झालं," बाई म्हणाल्या.

"काय झालं?"

"माप."

बाईंनी नवं मेण आणि मागचं मेण शेजारी शेजारी ठेवलं. मागच्यात खालचा जबडा करंगळीच्या नखाएवढा पुढे होता. "हे तुम्ही आरशासाठी मिटलेलं. आणि हे तुमचं."

मास्तर बराच वेळ दोन्हीकडे बघत राहिले. उसवण्यासाठी परत आलेला कोट ते असाच टेबलावर पसरून बघत.

बाहेर येऊन बाकावर बसून ते चपलेचा पट्टा लावत होते. त्यांच्यानंतर एक निवृत्त गाण्याच्या बाई आत गेल्या. दार अर्धवट उघडं होतं. आतून डॉक्टरीणबाईंच्या गुणगुणण्याचा आवाज आला. मास्तरांना गाण्यातलं ओ की ठो कळत नसे, पण ते इतकं बेसूर होतं की शिंप्यालाही कळावं.

"अहो, तो वरचा स्वर खाली येतोय," गाण्याच्या बाई तोंडातल्या तोंडात म्हणाल्या.

"असू दे हो."

"असू दे कसं? तुम्ही मुळात सुरुवातच..." मग बराच वेळ सुरांचा खुलासा चालला, एक ओळ म्हणूनही दाखवण्यात आली, आणि मग डॉक्टरीणबाईंचा शांत आवाज आला. "झालं."

थोड्या वेळाने दार उघडून बाईंनी पुढच्या पेशंटला हाक मारली. त्यांच्या कोटाची बटणं पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत आपापल्या काजात होती.

मास्तर चपलेचा पट्टा तसाच सोडून बघत राहिले. मेहुणा आणि घरमालक या दोघांवर आपण आयुष्य काढलं आणि त्यालाच कला समजलो, असं त्यांना वाटलं. ही बाई तर एकेका माणसासाठी वेगळी कळ शोधून ठेवते, आणि दाबते कधी ते कळूही देत नाही. घरी जाताना ते रस्त्यात एकटेच हसत होते, तेही दात नसताना, म्हणजे लोकांना ते जास्तच दिसलं.

"काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?" बायकोने विचारलं.

"काही नाही. माझं माप घेतलं," मास्तर म्हणाले. असा आदराने बोलणारा नवरा तिने पूर्वी पाहिला नव्हता.

कवळी आली. सुरुवातीला तोंडात परक्याचं सामान ठेवल्यासारखं वाटे. एक जागा टोचत होती, ती मास्तर घरी कानसेने घासणार होते, पण बाईंचा अंगठा आठवला आणि ते मुकाट्याने पुन्हा जिना चढले. बाईंनी ती जागा घासून दिली आणि रोज मोठ्याने पेपर वाचायला सांगितलं. मास्तरांनी बायकोला बसवून पहिल्या पानापासून हरवले-सापडलेपर्यंत सगळा पेपर वाचून दाखवला. शब्दांना हळूहळू धार आली. शेवटचा शब्द पुन्हा मास्तरांकडे गेला. "रात्री तरी वाटीत काढून ठेवा," बायको म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय तसं."

आणि मग एके दिवशी वकीलसाहेब आले. नवं कापड काउंटरवर ठेवून म्हणाले, "ही शेवटची संधी, मास्तर. मागचा तुम्ही दोनदा उसवलात, तिसऱ्यांदा तो स्वतःच उसवला." आणि ते आरशासमोर जाऊन उभे राहिले. पोट आत, श्वास बंद.

सुनेने मशीन थांबवलं.

मास्तरांनी टेप गळ्यात टाकला. "तुमचे ते नवे न्यायाधीश," त्यांनी विचारलं, "दुपारचे अजून डुलक्या घेतात का हो?" शब्द कोरडे, सुटे सुटे, एकामागून एक नीट बाहेर पडले.

वकीलसाहेब आरशातच थांबले. "डुलक्या? मास्तर, परवा मी साक्षीदाराला प्रश्न विचारला, तर न्यायाधीश म्हणाले, उशी जरा उंच करा."

"खरं सांगता?"

"शपथेवर सांगतो. मग साक्षीदाराने मला विचारलं, आता मी काय करू?" वकीलसाहेब वळले, हात पसरले, आणि कोर्टात ते कधी होत नसत इतके मोकळे झाले. मास्तरांनी आणखी एक प्रश्न विचारला. मग आणखी एक. बोलण्याची चव तोंडात आली होती. टेपची त्यांना आठवण राहिली नाही.

आठवण झाली तेव्हा त्यांना वकीलसाहेबांच्या पाठीमागे सून दिसली. तिच्या हातात दुसरा टेप होता. टेप आणि सदरा यांच्यामध्ये तिचं एक बोट होतं. वकीलसाहेबांच्या कमरेवरून टेप असा सुटला की सदऱ्यालाही कळलं नाही. छाती, खांदा, पाठ, सगळं आधीच होऊन गेलं असावं. ही गोष्ट समोरून कशी दिसते ते मास्तरांनी जन्मात पाहिलं नव्हतं. काहीच दिसत नाही, हे त्यांना आज कळलं.

"अहो, पण माप कधी घेणार?" वकीलसाहेबांनी घड्याळ पाहिलं. "मला कोर्टात जायचंय."

"ते झालं," सून म्हणाली.

वकीलसाहेबांनी दचकून पोट आत घेतलं.

"आता खुशाल घ्या," मास्तर म्हणाले.

वकीलसाहेब गेल्यावर मास्तरांनी गळ्यातला टेप काढला आणि सुनेच्या समोर ठेवला. "उद्यापासून माप तू घे. मी बोलतो."

"तुम्ही तसेही बोलणारच होता, बाबा," सून म्हणाली, आणि खडू घेऊन कापडावर वाकली.