सतरा नंबरचं माप

गेली बावीस वर्षं मी त्या संस्थेच्या वसतिगृहातल्या मुलींचे गणवेश शिवते. संस्था देवाच्या नावावर चालते. दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘मुलगी शिकवणं हीच प्रार्थना’. रोज त्या पाटीखालून मी आत जाते, आणि यंदा पहिल्यांदाच मला ती उपटून फेकावीशी वाटली.

झालं असं, की माझ्याकडे मापांची वही असते. प्रत्येक मुलीचा नंबर, पुढे खांदा, छाती, कंबर, उंची. शाळा सुरू व्हायच्या आधी मुली माझ्यासमोर रांग लावतात, गुदगुल्या होतात म्हणून खिदळतात, माझा टेप पळवतात. यंदा सतरा नंबर आलीच नाही. मी कार्यालयात जाऊन सचिवांना विचारलं.

“घरी गेलीय चार दिवस,” ते कागदांतून मान वर न काढता म्हणाले. “मागच्या मापात दीड इंच वाढवा आणि द्या शिवून. शनिवारी देणगीदार येतायत.”

बरं म्हणून परत आले, सतराचं पान उघडलं. ‘अंदाजे, अधिक दीड’. माझंच अक्षर, गेल्या वर्षीचं. त्याच्या वर, आदल्या वर्षीचं, पुन्हा तेच. म्हणजे दोन वर्षं ही पोर माझ्यासमोर उभीच राहिली नव्हती. आणि मी, स्वतःला मोठी शहाणी समजणारी बाई, खाली मान घालून तिचे कपडे शिवत होते!

तिचं घर मला माहीत होतं. तिची आई पूर्वी माझ्याकडे काजं-बटणं करायला यायची. दोन बस बदलून गेले. पोरगी दारात भांडी घासत बसली होती. घरात सगळे तिला बारकी म्हणतात.

“शिवणमावशी!” ती ओरडलीच.

आईने सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी ती स्वतः जिन्यावरून पडली, पाय मोडला, म्हणून पंधरा दिवसांसाठी मुलीला बोलावून घेतलं. पंधराचे चाळीस झाले. मग बाप तिला परत सोडायला गेला, तर सचिव म्हणाले, जागा भरली, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षीही तेच. आता सोमवारपासून बारकी साबणाच्या कारखान्यात वड्या कागदात गुंडाळायला जाणार होती. बापाने तिथे शब्द दिला होता.

“अगं, पण तुझं पत्र तर फळ्यावर लावलंय!” मी म्हटलं. “देणगीदारांना लिहिलेलं. वर्गात पहिली आलीस म्हणून.”

“मी पहिली आले?”

क्षणभर पोरगी खरंच खूश झाली हो! राखेने भरलेले हात तसेच धरून हसली. तिथेच त्या सचिवाच्या सात पिढ्या उद्धाराव्यात असं मला वाटलं. मी टेप काढला. दीड-दीड करत तीन इंच मी वाढवले होते. पोरगी सहा वाढली होती.

दुसऱ्या दिवशी मी सचिवांच्या टेबलावर वही आपटली. ते शांतपणे म्हणाले, “मावशी, एक मुलगी गळाली असं कळवलं की देणगीदारांचं मन खट्टू होतं. मग चारजणींचं नुकसान. आम्ही स्वतःसाठी करतो का हे? तिच्या गादीवर दुसरी गरीब मुलगीच झोपतेय ना?”

“आणि हिचं काय?”

“देव बघेल.”

“देवाला काय तुम्ही नोकरीला ठेवलंय?” मी म्हटलं आणि निघून आले. राग असा होता की सुईत दोरा जाईना.

शनिवारी प्रार्थनेच्या सभागृहात देणगीदार आले. एकेका मुलीचा खर्च एकेक देणगीदार उचलतो; सतरा नंबरच्या देणगीदार म्हणजे एक म्हाताऱ्या निवृत्त नर्सबाई. सचिवांनी हाक मारली, “सतरा नंबर!” आणि बारकीच्या गादीवर झोपणारी ती दुसरी मुलगी घाबरत घाबरत उठली. तिचा बिचारीचा काय दोष? तेवढ्यात मागच्या दाराने मी बारकीला हाताला धरून आत आणलं. अंगात नवा गणवेश, खऱ्या मापाचा.

“ही सतरा नंबर,” मी म्हटलं. “दोन वर्षं घरी आहे. पहिली आली ती कागदावर.”

नर्सबाई काठी टेकत पुढे आल्या. “बाळ, मी रोज सकाळी तुझं नाव घेऊन प्रार्थना करते गं.”

बारकीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. “मग देवाने सांगितलं नाही का तुम्हाला, मी इथे नाही ते?”

ती चिडून बोलली नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं. म्हाताऱ्या बाई मटकन खाली बसल्या. सचिव काहीतरी बोलू लागले तर त्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि म्हणाल्या, “हिची गादी घाला. तोवर मी इथून हलणार नाही.”

गादी घातली. न घालून सांगतात कुणाला!

सोमवारी बारकी कारखान्याऐवजी सातवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसली, बाकीच्या पोरी तिच्या खांद्याला लागतात. सचिव माझ्याशी बोलत नाहीत. न बोलोत, माझं काय अडलंय!

पण त्या शनिवारी घरी आल्यावर मी वही पहिल्या पानापासून चाळली. आणखी नऊ नंबरांपुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘अंदाजे, अधिक दीड’. शिवणयंत्रावर कापड तसंच पडलंय. मी टेप पिशवीत घालून रोज बसने एकेकीचं घर शोधत फिरतेय.