देवीदास मिस्त्रीच्या मापाचा पट्टा

मी एक जुना पट्टा आहे. कमरेचाच, पण पँट सावरणारा नव्हे बरं का! त्या बारीक, चकचकीत मंडळींत मला मोजू नका. मी सुतारकामाचा पट्टा. रुंद, जाड, म्हशीच्या चामड्याचा. एका बाजूला हातोडी अडकवायची कडी, दुसऱ्या बाजूला पटाशी आणि पेचकस ठेवायचे उभे कप्पे, आणि पुढे खिळे-स्क्रूंचे दोन ऐसपैस खिसे. भिलाईत, खुर्सीपारच्या एका घरात, दाराच्या मागे खिळ्यावर मी कितीतरी वर्षं लटकत होतो. माझ्यावर एक रेनकोट टांगलेला होता आणि रेनकोटावर पिशव्या. मित्रांनो, तिथून काही दिसत नाही, फक्त ऐकू येतं. आणि ऐकून ऐकून मन भरलं की बोलावंसं वाटतंच ना!

माझा जन्म हौसेतून झाला नाही, अडचणीतून झाला. आमच्याकडचे सुतार जमिनीवर उकिडवे बसून काम करतात. लाकूड पायांनी दाबून धरायचं, औजारं आजूबाजूला पसरायची, की झालं दुकान. देवीदास मिस्त्रींना ते जमत नसे. माणूस अंगानं भारी. पोट मांडीला टेकायचं, गुडघे कुरकुर करायचे. म्हणून ते उंच बाकावर, उभ्यानेच काम करत. हातातली पटाशी खाली पडली, तर ती उचलणं म्हणजे एक कार्यक्रमच असायचा. साऱ्या औजारांना कमरेवरच जागा हवी, हे त्यांना फार लवकर कळलं होतं.

पण कमरेला बसेल असा पट्टा मिळेल तर शपथ! ते सुपेल्यात फिरले, पॉवर हाउसच्या बाजारात फिरले, दुर्गलाही जाऊन आले. दुकानदार एकेक पट्टा काढायचा आणि दोन्ही टोकांच्या मधे वीतभर पोट उरायचं. "अंकल, इससे बड़ा तो आता ही नहीं," असं तो म्हणायचा आणि मागे उभी असलेली पोरं फिदीफिदी हसायची. शेवटी मिस्त्रींनी एक तयार पट्टा घेतला आणि उरलेल्या जागेत नायलॉनची दोरी बांधली. पद्मनाभपुरातल्या एका घरी ते टेबलावर चढून माळ्याचं दार बसवत होते, तेव्हा ती दोरी सुटली. पट्टा, हातोडी, पटाशा, सगळं धाडकन खाली आलं. घरच्या बाई चहा घेऊन तिथेच उभ्या होत्या. एक पटाशी त्यांच्या पावलाशेजारी आपटली. लागलं कुणालाच नाही, पण मिस्त्रींना ते काम अर्धवट सोडून निघावं लागलं.

तिथून ते तडक पॉवर हाउसच्या पुलाजवळ गेले. तिथे शालिकराम नावाचे म्हातारे चपला शिवायला बसत. गोंदियाकडचेच, म्हणजे मिस्त्रींच्या मुलखातले.

"माया मापाचा पट्टा भेटते का कुठी?" मिस्त्रींनी विचारलं.

शालिकरामांनी चष्म्यावरून त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "भेटत नाई, मिस्त्री. बनवा लागते. हात वर करा बरं."

सुतळीने माप घेताना म्हाताऱ्याला मिस्त्रींच्या भोवती उठून फिरावं लागलं. पण ते हसले नाहीत. हे मी मुद्दाम सांगतो, कारण तोवर मिस्त्रींना माप देताना कुणी हसलं नाही असं झालंच नव्हतं. मेणाच्या दोऱ्याने मला दुहेरी शिवलं, पितळी बक्कल लावलं, आणि टोकाजवळ एक भोक पाडलं. "हे तुमचं," ते म्हणाले. मिस्त्रींनी बक्कल लावलं. ते त्या भोकात असं बसलं, की मिस्त्री दोन्ही हात माझ्यावर ठेवून नुसतेच उभे राहिले.

त्यानंतरची वर्षं काय सांगू! दुर्गचं मोहन नगर म्हणा, इकडची कारखान्याच्या सेक्टरांतली क्वार्टरं म्हणा, अहिवाऱ्यापर्यंत आम्ही दारं-खिडक्या बसवत हिंडलो. सायकलवर मी त्यांच्या कमरेलाच असायचो. सिग्नलला लोक वळून बघत. "ओ दरोगाजी!" अशी, जणू फौजदारच समजून, हाक कुणी मारली की मिस्त्री खुशाल सलाम ठोकत. हात खाली न बघता नेमका हव्या त्या कप्प्यात जायचा. आठवड्यातून एकदा ते मला एरंडेल चोळत. त्यांच्या पत्नी, वच्छलाबाई, चिडायच्या. "अवो, भाकरीले तेल नाई आन् पट्ट्याले मालिश करून राहिले!"

त्यांची मुलगी रोशनी तेव्हा शाळेत होती. बापाचीच अंगलट घेऊन आली होती बिचारी. एकदा ती रडत घरी आली. पोरींनी तिला हत्ती म्हटलं होतं आणि शाळेच्या ड्रेसचा बेल्ट तिला लागत नव्हता. मिस्त्रींनी मला सोडून तिच्या मांडीवर ठेवलं. "हे पाह्य. हा कोन्या दुकानात भेटला नाई. आपलं माप दुकानात नसते बेटा, आपल्याले बनवून घ्या लागते. त्यात रडाचं काय हाये?" तिने माझ्या बक्कलावरून बोट फिरवलं. बोट जिलेबीने चिकट झालेलं होतं. पण मला आवडलं.

एका गोष्टीचं मात्र मला कायम वाईट वाटे. लपवून काय करू? भिलाईत विश्वकर्मापूजा म्हणजे मोठा सण. कारखान्यात, गॅरेजात, गल्लीगल्लीत त्या दिवशी यंत्रांना आणि औजारांना सुट्टी असते. आमच्या घरीही वच्छलाबाई पाटावर लाल कापड अंथरायच्या आणि हातोडी, करवत, रंधा, गुण्या, सगळ्यांना धुऊनपुसून मांडायच्या. प्रत्येकाला हळद-कुंकू, प्रत्येकाला फूल. आणि मी? मी दाराच्या मागे. चामड्याचा ना! पूजेत चामडं चालत नाही. वर्षभर ही सारी औजारं मीच अंगावर वागवायचो आणि त्यांच्या मानाच्या दिवशी तेवढा मीच रिकामा, एकटा टांगलेला. घंटा वाजायची, बुंदीचा वास यायचा, आणि माझ्या गळ्याशी दाटून यायचं. पट्ट्याला गळा नसतो, ठाऊक आहे मला. हसू नका.

पुढे मिस्त्रींना साखरेचा आजार जडला. माणूस आटायला लागला. शालिकरामांनी पाडलेलं भोक सैल झालं, तेव्हा मिस्त्रींनी खिळा तापवून आतल्या बाजूला दुसरं पाडलं. मग तिसरं. मग आणखी एक. "आता तं कोन्याई दुकानात माप भेटन माह्यं," असं ते हसत म्हणायचे आणि वच्छलाबाई तोंड फिरवून चुलीकडे बघत बसायच्या. माझं टोक लांब लांब होत गुडघ्यापर्यंत लोंबायला लागलं. एका सकाळी त्यांनी मला बांधलं आणि मी घसरून थेट जमिनीवर पडलो. त्यांनी मला उचललं नाही. बाकावर बसून माझ्याकडे पाहत राहिले. ती आमची शेवटची सकाळ. दिवाळीच्या आधीच ते गेले.

मग माझे दिवस फिरले. बाक विकला गेला. औजारं पेटीत गेली. मिस्त्रींचे जोडीदार भूपेंद्र आले, त्यांनी मला हौसेने कमरेला लावलं, तर मी त्यांच्या भोवती दीड वेळा फिरलो. "भौजी, येमा त दू भूपेंद्र समा जाही!" यात दोन भूपेंद्र मावतील, असं म्हणून त्यांनी मला परत केलं. भंगारवाला आला, त्याने मला नखाने खरवडलं आणि नको म्हणाला. भंगारातही मला जागा नव्हती, बोला आता! शेवटी वच्छलाबाईंनी मला त्या खिळ्यावर अडकवलं आणि वरून रेनकोट टांगला. मला झाकायला टांगला होता, हे मला कळलं. मी दिसलो की त्यांना रडू येई. माझा राग नव्हता त्यांना. पण झाकलेलं ते झाकलेलंच. पावसाळ्यात मला बुरशी आली, उंदराने एका खिशाची कड कुरतडली. दर वर्षी पूजेला पेटी उघडायची, हातोडी-करवत बाहेर निघायची, आणि मी काळोखात घंटा ऐकायचो. आधी पूजा झाली की मिस्त्री निदान माझ्या पाठीवरून हात फिरवायचे, आता तेही नव्हते.

रोशनी मोठी झाली. भूपेंद्रांबरोबर जाऊन ती काम शिकली. किचनच्या कपाटांचं फिटिंग करायची, तेही बापासारखं उभ्यानेच. वच्छलाबाईंना ते पसंत नव्हतं. पोरीने एखाद्या एसी लावलेल्या दुकानात बसावं, असं त्यांना वाटे. तरी चाललं होतं. मग यंदा तिला एका मोठ्या ठेकेदाराचं काम मिळालं. आठ मजली नव्या इमारतीतली सगळी कपाटं. पण ठेकेदाराची अट होती, की औजारपट्टा असल्याशिवाय शिडीवर चढायचं नाही. अट बरोबरच होती, पद्मनाभपुरातली पटाशी आठवा. त्याने सगळ्यांना पट्टे वाटले. रोशनीला एकही लागला नाही.

पट्टे वाटल्यानंतर तिसऱ्या दिवशी ती घरी येऊन खाटेवर बसली. मला खाटेची कुरकुर ऐकू आली आणि मग मोबाईलवर बोट आपटल्याचा आवाज.

"आई, ट्रिपल एक्सेल बी नाई पुरत. आन् त्याच्या वरचा सब जगह आउट ऑफ स्टॉक. विश्वकर्मापूजेच्या दुसऱ्या दिवशी पट्टा नाई आनला, तं दुसऱ्याले घेतो म्हने."

"मंग सोड ना ते काम," वच्छलाबाई म्हणाल्या.

"कावून सोडू?"

वच्छलाबाई भांडी घासायला उठल्या. मित्रांनो, ती पोरगी साऱ्या दुनियेत पट्टा शोधत होती आणि मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो! तिला माझी आठवणच नव्हती. बापाबरोबर मीही गेलो, असं तिने धरलं असावं. ओरडावंसं वाटलं. पण आम्हाला आवाज कुठला? माझी कडी जरा हलली असती, तरी पुरे होतं. तीही हलली नाही. तिच्या आईला माहीत होतं मी कुठे आहे ते, आणि आई गप्प होती. इतकं एकटं मला भंगारवाल्याने नाकारलं तेव्हाही वाटलं नव्हतं.

पूजेचा दिवस उजाडला. गल्लीत लाउडस्पीकर सुरू झाले. पेटी उघडल्याचा आवाज आला. दोघी औजारं मांडत होत्या. रोशनीने हातोडी उचलली असावी, कारण ती एकदम थांबली.

"आई, बाबा ही हातोडी एका पट्ट्याले अडकवत जाय. तो कुठी गेला?"

"चामड्याचा होता तो. पूजेत नाई मांडत."

"मले मांडाले नाई पाह्यजे. बांधाले पाह्यजे."

हातोडी पाटावर ठेवल्याचा आवाज आला.

"लोकाइच्या घरी शिडीवर चढशीन, लोकं तुयावर हासतेन," वच्छलाबाई म्हणाल्या. "तुया बापावर हासत जाय. तो सलाम ठोके आन् घरी येऊन जेवत नसे. तुले नाई दिसलं ते, मले दिसलं."

हे मलाही माहीत नव्हतं हो. मी तर त्यांच्या कमरेलाच असायचो. पण घरी आल्यावर ते मला सोडून ठेवत.

"लोकं आता बी हासतेच आई," रोशनी हळूच म्हणाली. "निदान हातात काम तं राहीन."

पावलं दाराकडे आली. पिशव्या निघाल्या. रेनकोट निघाला. इतक्या वर्षांनी उजेड अंगावर आला आणि माझ्यासमोर वच्छलाबाईंचा चेहरा होता. किती म्हाताऱ्या झाल्या होत्या! त्यांनी पदराने माझी बुरशी पुसली आणि स्वतःच मला लेकीच्या कमरेभोवती घेतलं. आजारपणातल्या शेवटच्या भोकापासून त्यांनी सुरुवात केली. बक्कल पुरलं नाही. त्याच्या बाहेरचं. नाही. त्याच्या बाहेरचं. तेही नाही. मिस्त्रींनी तापल्या खिळ्याने पाडलेलं एकेक भोक मागे पडत गेलं. शेवटी टोकाजवळचं एकच उरलं, शालिकरामांनी पाडलेलं. त्यात बक्कल बसलं.

"तुया बापाचं माप हाये हे," वच्छलाबाई म्हणाल्या आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या. "धडधाकट होता तवाचं."

आरतीची वेळ झाली. रोशनी मला सोडायला लागली, कारण चामडं. वच्छलाबाईंनी तिचा हात धरला. मग त्यांनी करंड्यात बोट बुडवलं, खाली वाकल्या, आणि माझ्या बक्कलावर कुंकू लावलं.

"बक्कल तं पितळीचं हाये ना," त्या म्हणाल्या. "पितळ चालते."

मित्रांनो, तुमच्याही घरात दाराच्या मागे काहीतरी टांगलेलं असेल. त्याच्यावरची पिशवी एकदा काढून बघा. ते कुणाच्या तरी मापाचं असेल. आणि कुणी माप द्यायला हात वर करून उभं राहिलं, तर हसू नका. घरी जाऊन ते माणूस जेवतं की नाही, तुम्हाला कळणार नाही.

त्या दिवशी माझे खिसे रिकामेच होते, कारण औजारं सगळी पाटावर होती. त्यांच्याबरोबर मीही आरतीला होतो. घंटा पहिल्यांदाच इतक्या जवळून ऐकली.