नऊ नंबरचं काम

या, जरा जवळ सरकून बसा. सोळा कॉम्प्युटरांची गोष्ट सांगतो; जीव निवेल अशी आहे.

नऊ नंबरची वायर काढली आणि उरलेले पंधराही गप्प झाले. प्रोग्रामर मुलीनं घाईघाईनं वायर परत खोचली. एक मोठं गणित सोळांनी वाटून सोडवायचं होतं. पण नऊ नंबर दर पायरीला मागे राही आणि बाकीचे त्याच्यासाठी खोळंबत.

"बारा वाजेपर्यंत उत्तर आलं नाही, तर सोळा कॉम्प्युटर सोळा टेबलांवर जातील," साहेब दारातून म्हणाले. "पत्रं टाइप करायला."

"याच्यासाठी तीन वर्षं घासली होय मी!" ती पुटपुटली आणि तिनं आपल्या जुन्या मास्तरांना फोन लावला. या सोळांना एकजीव करणारी, ऑपरेटिंग सिस्टिमला दिलेली प्रोग्रामची जोड मास्तरांचीच. आता ते निवृत्त झाले होते आणि त्यांना ऐकूही फार कमी येई. फोन त्यांच्या पत्नीनं, काकूंनी घेतला.

"अहो, नऊ नंबर रखडतोय म्हणते!" काकू ओरडल्या. मग फोनमध्ये हळूच, "विचारताहेत, वाटणी कशी केलीस?"

"सोळांना सारखी."

"सारखी केली म्हणे!"

मागून हसणं ऐकू आलं.

"म्हणताहेत, सगळ्यांचे निरोप तो नऊ नंबरच पोचवतो. वर त्याला... अगंबाई, दूध!"

काकू धावल्या. मास्तर एकटेच विचारत राहिले, "काय म्हणते? अगं, गेलीस कुठे?" मुलगी इकडून दोनदा बोलली, ते कुणालाच पोचलं नाही.

तिनं फोन कानाला तसाच धरून नऊ नंबरकडे पाहिलं.

मग तिनं गणित पंधरांतच वाटलं. नऊ नंबरकडे फक्त निरोप ठेवले. बारा वाजायला वीस मिनिटं असताना उत्तर पडद्यावर आलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं, हातातल्या टेबलांच्या यादीची घडी घातली आणि खिशात टाकली.

"चला, जेवून घ्या आता," ते म्हणाले.

तिनं आधी फोन लावला.

"थांब हं, देते त्यांना," काकू म्हणाल्या.

"नको काकू. तुम्हालाच सांगायचं होतं. झालं काम."

मागून मास्तरांचा आवाज आला, "कुणाचा गं फोन?"

"माझा आहे!" काकू ओरडल्या.

देवापुढे हात जोडाल, तेव्हा या काकूंना एकदा आठवा, एवढंच मागणं.